डिव्हिलियर्स हे आडनाव मूळचं कुठलं?

मिहिर_पिंपळगाव

नमस्कार मंडळी. आडनावांवरचे इथले धागे मी नेहमी वाचतो, म्हणून हा प्रश्न इथेच विचारतो.

एबी डिव्हिलियर्स आफ्रिकान्स बोलणारा. ती भाषा डचमधून निघालेली. मग आडनाव फ्रेंच कसं? आणि तो काही एकटा नाही. फाफ ड्यु प्लेसी, हॅन्सी क्रोनिए, मार्नस लाबुशेन (हा ऑस्ट्रेलियाकडून खेळतो, पण जन्म दक्षिण आफ्रिकेतला), सगळी आडनावं फ्रेंच वळणाची. दक्षिण आफ्रिका आधी डचांकडे होती, मग इंग्रजांकडे. तिथे एवढे फ्रेंच कधी गेले?

माझ्या भाच्याचं म्हणणं, आडनावाच्या आधी 'डी' आलं की माणूस सरदार घराण्यातला. मला ते पटत नाही, पण खोडून काढायला माझ्याकडे पुरावा नाही. शिवाय इंग्लंडच्या इतिहासात बकिंगहॅमचा ड्यूक जॉर्ज विलियर्स भेटतो. तो यांच्यातलाच का? आणि १९९४ च्या सिडनी कसोटीत ऑस्ट्रेलियाला ११७ सुद्धा करू न देणारा फॅनी डिव्हिलियर्स एबीचा कुणी लागतो का?

आमची द्राक्षबाग आहे. हे लोक द्राक्षं लावायला म्हणून तिकडे नेले होते असं कानावर आलंय. त्याबद्दलही कुणी सविस्तर लिहिलं तर फार बरं होईल.

सुधीर म.

हे सगळे ह्युगेनॉट, म्हणजे फ्रान्समधले प्रॉटेस्टंट. चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नांतच्या फर्मानाने त्यांना धर्म पाळायची मोकळीक दिली होती, ती चौदाव्या लुईने १६८५ मध्ये काढून घेतली. मग लाख-दीड लाखाहून जास्त लोक देश सोडून गेले. बरेचसे हॉलंड, इंग्लंड, जर्मनीत आणि थोडे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, म्हणजे केपला. क्रोनिए हे मूळचं क्रोनिए'र'. शेवटचं अक्षर केपमध्ये गळलं. अभिनेत्री शार्लीझ थेरॉनचं आडनावही त्यातलंच.

डिव्हिलियर्सबद्दल वसुधाताई जास्त सांगू शकतील, त्या तिथेच राहतात.

वसुधा_पार्ल

सुधीरभाऊ, आठवण ठेवलीत, आभार. मिहिर, मी केप टाउनच्या जवळ पार्लला राहते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलो आणि इथलेच झालो. माहेरच्या कुलवृत्तांताचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे इथल्या वंशावळी कशा ठेवतात हे बघायची गोडी लागली. आणि या खोऱ्यात वंशावळ म्हटलं की डिव्हिलियर्स टाळताच येत नाहीत. दुकानाच्या पाटीवर, शाळेच्या हजेरीत, चर्चच्या आवारातल्या थडग्यांवर, सगळीकडे हेच आडनाव.

आधी फ्रान्समधलं बघू. तिथला उच्चार 'द विलिए'. विलिए हे गावाचं नाव. उत्तरकालीन लॅटिनमध्ये मोठ्या शेतवाड्याला लागून असलेल्या वस्तीला 'विल्लारे' म्हणत. त्याची प्रांतोप्रांती वेगळी रूपं झाली: पॅरिसच्या आसपास विलिए, नॉर्मंडीत आणि ईशान्येला विलेर, आग्नेयेला विलार. पॅरिसच्या उपनगरांतच विलिए-ल-बेल आणि विलिए-सुर-मार्न अशी गावं आहेत, देशभरात तर विचारूच नका. आपल्याकडे वाडीकर आडनावाची सगळी माणसं एका कुळातली नसतात, कारण वाड्या शेकड्याने आहेत. तसंच हे. फ्रान्समध्ये या आडनावाला एक मूळ नाही, अनेक मुळं आहेत आणि ती एकमेकांना कुठेही जोडलेली नाहीत.

तुमच्या भाच्याला सांगा, 'द' म्हणजे नुसतं 'अमुक ठिकाणचा'. सरदाराकडे जहागीर असायची म्हणून त्याच्या नावात 'द' यायचा, आणि गाव सोडून दुसरीकडे राहायला गेलेल्या शेतकऱ्याच्या नावातही यायचा. नुसत्या 'द' वरून काहीच ठरत नाही. फ्रान्समधले राजकारणी फिलिप द विलिए यांच्या घराण्याचं आडनाव खरं तर 'ल जोली द विलिए' आहे. त्यांचा केपच्या डिव्हिलियर्सशी संबंध जोडायचं कारण नाही.

बकिंगहॅमचा ड्यूक जॉर्ज विलियर्स लीस्टरशायरच्या घराण्यातला. हे घराणं आपलं मूळ नॉर्मंडीत सांगायचं. तेही वेगळंच कूळ. पण एक गोष्ट मात्र विलक्षण आहे. १६२७ मध्ये हाच ड्यूक इंग्रजी आरमार घेऊन ला रोशेलसमोरच्या रे बेटावर उतरला होता, तिथल्या प्रॉटेस्टंटांच्या मदतीला. मोहीम फसली. पुढच्या वर्षी पोर्ट्समथला त्याचा खून झाला आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या राजाचा मंत्री कार्डिनल रिशल्यूच्या वेढ्यापुढे ला रोशेल शरण गेलं. वेढ्याआधी शहरात २७ हजारांच्या आसपास माणसं होती, उरली साधारण ५ हजार. केपचे डिव्हिलियर्स ज्यांचे वंशज, ते तीन भाऊ याच ला रोशेलच्या मुलखातले. प्येर, आब्राहाम आणि जाक.

त्यांच्या काळापर्यंत छळाची तऱ्हा बदलली होती. प्रॉटेस्टंटांच्या घरांत सैनिक नेऊन बसवायचे, आणि घरधनी धर्म बदलेपर्यंत ते तिथून हलायचे नाहीत. १६८५ च्या फर्मानाने धर्मगुरूंना देश सोडायला दोन आठवडे दिले आणि साध्या माणसांना देश सोडायचीच बंदी केली. पळताना पुरुष सापडला तर राजाच्या युद्धनौकेवर वल्ही मारायची शिक्षा. एवढं असूनही हे भाऊ हॉलंडला पोचले.

त्याच सुमाराला डच ईस्ट इंडिया कंपनीला केपमध्ये शेतकरी हवे होते. बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला) जाणारी-येणारी जहाजं इथे थांबत, त्यांना ताजं अन्न लागे, दारू लागे, व्हिनेगर लागे. १६८७ मध्ये कंपनीच्या सतरा संचालकांनी ठरवलं की ह्युगेनॉट निर्वासितांना फुकट प्रवास आणि कसायला जमीन द्यायची, त्यांनी कंपनीशी इमान राखण्याची शपथ घ्यायची आणि निदान ५ वर्षं तिथे राहायचं. १६८८ आणि १६८९ मध्ये मिळून दोनशेच्या आसपास माणसं आली असतील. त्यात शल्यवैद्य जां प्रिअर ड्यु प्लेसी होता, तो 'ऊस्टरलँड' जहाजाने आला. डिव्हिलियर्स बंधू १६८९ मध्ये 'झिऑन' जहाजातून उतरले. मिहिर, तुमच्या कानावर आलेलं खरं आहे: कंपनीने गव्हर्नर सिमॉन व्हान डर स्टेलला पाठवलेल्या पत्रात या भावांना द्राक्षलागवडीची चांगली माहिती असल्याचं मुद्दाम लिहिलेलं होतं.

त्यांना ज्या खोऱ्यात जमिनी मिळाल्या त्याला तेव्हा हत्तींचा कोपरा म्हणत, पुढे फ्रेंचांचा कोपरा, म्हणजे आजचं फ्रान्सहुक. भावांच्या शेतांची नावं बुर्गोन्य, शांपान्य आणि ला ब्री. ही सगळी फ्रान्सच्या प्रांतांची नावं. ती जमीन ओसाड नव्हती हेही लिहिलंच पाहिजे. खोइखोइ लोक तिथे पिढ्यानपिढ्या गुरं चारत होते, आणि त्यांच्याकडून ती गेली.

बाकीचं उद्या लिहिते. फॅनी आणि एबीचं उत्तर त्यातच येईल.

ज्योत्स्ना_देवरुख

ताई, सुरेख. एक विचारायचं होतं. हे तीन भाऊच सगळ्यांचे मूळपुरुष असतील तर मग बायका कोण होत्या? आमच्या कुलवृत्तांतात जुन्या पिढ्यांत बायकांच्या नावाच्या जागी नुसती रेघ आहे, म्हणून विचारते. आणि भाषा कधी गेली? आडनाव राहिलं आणि भाषा गेली हे वाचून वाईट वाटलं.

वसुधा_पार्ल

ज्योत्स्ना, तू नेमकं माझ्या जिव्हाळ्याचं विचारलंस.

आब्राहामची बायको सुझान गार्दिऑल, जाकची बायको मार्गारीत गार्दिऑल. सख्ख्या बहिणी, प्रोव्हांसमधल्या, म्हणजे ला रोशेलपासून देशाच्या अगदी दुसऱ्या टोकाच्या. फ्रान्समध्ये त्यांची आणि या भावांची गाठ पडण्याचं काही कारणच नव्हतं. निर्वासित होऊन केपला आल्या म्हणून सोयरिक झाली. प्येरची बायको एलिझाबेत तायफेर. तिचा बाप इझाक तायफेर शातो-तिएरीचा, टोप्या करणारा; इथे येऊन त्याने पार्लजवळ लाबोरी नावाचं शेत केलं. ते शेत अजून आहे, आमच्या घरापासून फार लांब नाही. तायफेर आणि गार्दिऑल ही आडनावं मात्र केपमध्ये टिकली नाहीत. रक्त सगळीकडे पसरलं, नावं गेली. इथे डिव्हिलियर्सांची गोष्ट नेहमी 'तीन शूर भाऊ' अशी सांगतात आणि मला दर वेळी या तिघींची आठवण करून द्यावीशी वाटते. वेलीची छाटणी असो की पोरांची बाळंतपणं, त्यांच्याशिवाय तीन भावांचे हजारो वंशज झाले नसते.

एक बरं आहे, इथल्या कागदांत रेघ नाही. डच चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याच्या नोंदीला बापाइतकंच आईचं नाव असतं, तेही तिच्या माहेरच्या आडनावासकट. लग्नानंतरही कागदोपत्री बाई माहेरच्या आडनावाने ओळखली जायची. शिवाय कंपनी दरसाल कर आकारणीसाठी घरोघरची याद करायची: नवरा, बायको, मुलगे, मुली, गुलाम, घोडे, मेंढ्या, गव्हाचं उत्पन्न, आणि द्राक्षवेली किती हजार. मिहिर, सातबाऱ्यावर पीकपाहणी असते ना, त्याहून बारीक.

या सगळ्या नोंदी पिंजून एका डिव्हिलियर्सनेच केपच्या घराण्यांची पहिली मोठी वंशावळ लिहिली. क्रिस्टोफेल कुट्झे डिव्हिलियर्स त्यांचं नाव. ते काम १८९० च्या दशकात छापलं गेलं, पुढे कोर पामा यांनी सुधारून वाढवलं. नातं लिहायची त्यांची पद्धत मला फार आवडते. मूळपुरुषाला अ, त्याच्या मुलांना ब, नातवंडांना क, पणतवंडांना ड असं रोमन अक्षर, आणि पुढे जन्माचा क्रमांक. म्हणजे एखाद्यापुढे ब३क५ड२ लिहिलं असेल तर तो मूळपुरुषाच्या तिसऱ्या अपत्याच्या पाचव्या अपत्याचं दुसरं अपत्य. नाव न वाचताही पिढी आणि शाखा कळते. याची इथे फार गरज पडते, कारण पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव आणि दुसऱ्याला आईच्या बापाचं, असा रिवाज. त्यामुळे एकाच वेळी चार चुलत भाऊ 'याकोबुस डिव्हिलियर्स' असू शकतात. एबीचं पूर्ण नावही आब्राहाम बेंजामिन आहे, आणि आब्राहाम हे नाव इथल्या डिव्हिलियर्सांत १६८९ पासून आहे.

आता फॅनी आणि एबी. सख्खे, चुलत असं जवळचं नातं नाही. पण केपमधलं हे आडनाव मुख्यतः त्या एकाच जहाजातल्या भावांपासून पसरलं, म्हणून आफ्रिकानर डिव्हिलियर्सांपैकी कुठलेही दोघे घ्या, खूप मागे गेलं की ते बहुधा भाऊबंदच निघतात. फ्रान्समध्ये जे म्हणता येत नाही ते इथे बऱ्याच अंशी म्हणता येतं.

बऱ्याच अंशी एवढ्यासाठी म्हणते की दुसऱ्या वाटेनेही हे आडनाव पसरलं. फ्रान्सहुकच्या वाटेवर बोशेनदाल नावाची मोठी वाडी आहे. १७१५ मध्ये ती आब्राहामने घेतली, मग जाककडे गेली, आणि जाकचा वंशज पॉल याने बांधलेला मोठा वाडा अजून उभा आहे. दर्शनी त्रिकोणी भिंतीवर १८१२ साल कोरलेलं दिसतं. पांढरीशुभ्र भिंत, गवती छप्पर, मागे उभा डोंगर. पर्यटक तिथे फोटो काढतात. हा वैभवाचा काळ गुलामांच्या श्रमावर उभा होता, आणि त्या गुलामांत आपली माणसंही होती. केपच्या जुन्या यादीत 'व्हान बेंगालन', 'व्हान मलबार' अशी नावं पानोपानी येतात. बंगालचा, मलबारचा. ज्या बाजारातून आणलं तेच आडनाव. कुणाला तर ज्या महिन्यात आणलं त्या महिन्याचं नाव. सप्टेंबर, फेब्रुवारी ही आडनावं इथे आजही आहेत. यादी वाचताना 'बंगालची कतरिना' असं काही दिसलं की माझा हात थांबतो. तिचं खरं नाव काय असेल, तिला हाक मारणारी माणसं कुठल्या गावात राहिली असतील, हे मनातून जात नाही.

१८३४ मध्ये गुलामी कायद्याने संपली, प्रत्यक्षात सुटका १८३८ मध्ये. सुटलेल्या कितीतरी लोकांनी किंवा त्यांच्या मुलाबाळांनी मालकाचं आडनाव लावलं. कुठे नातं रक्ताचंही होतं, पण नोंदीत ते लिहिलं गेलं नाही. बोशेनदालपासून जवळच प्नीएल आहे, १८४३ मध्ये मुक्त झालेल्या लोकांसाठी वसवलेलं गाव. त्याच्या जमिनीपैकी काही एका डिव्हिलियर्स शेतकऱ्याने दिली होती. म्हणून आज हे आडनाव सावळ्या आणि गोऱ्या दोन्ही घरांत आहे. दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचे पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक पीटर डिव्हिलियर्स पार्लचेच. २००८ ते २०११ त्यांनी संघ सांभाळला. वंशावळीच्या जाड ग्रंथात अशा घरांना जागा मिळाली नाही. ती मिळायला हवी, आणि आता इथले काही तरुण संशोधक ते काम करताहेत याचा मला फार आनंद आहे.

भाषेचं विचारलंस. व्हान डर स्टेलने फ्रेंचांना मुद्दाम डच शेतकऱ्यांच्या मधेमधे जमिनी दिल्या, सलग वस्ती होऊ दिली नाही. १६८९ मध्ये त्यांनी आपलं वेगळं चर्च मागितलं तर तो भडकला. पुढे हॉलंडहून परवानगी आली, पण शाळामास्तर दोन्ही भाषा येणारा हवा, म्हणजे मुलं डच शिकतील, या अटीवर. पाद्री प्येर सिमॉं १७०२ मध्ये परत गेला आणि त्यानंतर चर्चमधली फ्रेंच आटत गेली. १७५० च्या सुमाराला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लाकाय इथे आकाश मोजायला आला होता, त्याला ह्युगेनॉटांची तरुण मुलं डचच बोलताना आढळली. दोन पिढ्यांत भाषा गेली. आडनाव राहिलं, तेही डच कानांनी ऐकलेलं. आफ्रिकान्समध्ये शेवटचा 'स' अजून उच्चारत नाहीत, तेवढा फ्रेंच अंश त्यात आहे. 'डिव्हिलियर्स' मधला तो 'स' आपण इंग्रजी समालोचकांकडून घेतला.

वेंगुर्लेकर

वसुधाताई, वाचताना अंगावर काटा आला. याच डच कंपनीची वखार आमच्या वेंगुर्ल्यात होती, तिच्या पडक्या भिंती अजून आहेत. लहानपणी आम्ही तिथे खेळायचो. केपला थांबून आलेली माणसं त्या भिंतींच्या आतही राहून गेली असतील.

मिहिर_पिंपळगाव

ताई, मनापासून आभार. भाच्याला सगळं वाचून दाखवलं, आता तो ड्यु प्लेसीच्या मागे लागलाय. दोन प्रश्न राहिले. त्या भावांच्या शेतांवर आजही द्राक्षं आहेत का? आणि यांच्यापैकी कुणी परत फ्रान्सला गेलं का?

वसुधा_पार्ल

मिहिर, द्राक्षं आहेत, पण वेली त्या नव्हेत. १८८० च्या दशकात फायलोक्झेरा ही मुळं खाणारी कीड केपमध्ये आली आणि जुन्या बागा उखडाव्या लागल्या. मग अमेरिकी खुंटावर कलमं बांधून नव्याने लागवड झाली, तुम्ही डॉगरीजवर बांधता तशीच. त्या पडझडीत कितीतरी जुन्या घराण्यांची शेतं विकली गेली. बोशेनदालच्या खोऱ्यातल्या वाड्या सेसिल ऱ्होड्सने १८९७ पासून विकत घेऊन तिथे फळबागा लावल्या. द्राक्षं पुन्हा नंतर आली.

परत जाण्याचं म्हणाल तर पाच वर्षांची अट संपल्यावरही बहुतेक जण इथेच राहिले. फ्रान्समध्ये त्यांचा धर्म १७८७ पर्यंत कायद्याच्या बाहेरच होता, जाऊन करणार काय. पण आडनाव परत गेलं. केपमधल्या माल्म्सबरीत जन्मलेला पीटर डिव्हिलियर्स नावाचा रग्बीपटू (वर लिहिलेले प्रशिक्षक वेगळे) पॅरिसच्या क्लबकडे गेला आणि १९९९ पासून फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाकडून कितीतरी सामने खेळला.

भाच्याला ड्यु प्लेसीसाठी 'प्रिअर' या आडनावापासून सुरुवात करायला सांगा. मूळ आडनाव ते होतं, ड्यु प्लेसी मागून जोडलेलं. त्याने काही शोधलं तर इथे जरूर लिहा, केपच्या नोंदी बघून द्यायला मी आहे.